शेवटचे दोन लिटर

मोटारहोमच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, पाण्याच्या टाकीचा कॉक उघडला की पहिली धार जोरात सुटते. गाडीखाली बघता बघता तळे साचते आणि वाटते, दोन मिनिटांचे काम आहे. मग धार बारीक होते, करंगळीएवढी उरते आणि शेवटी नुसती ठिबक. इथे बहुतेक जण कॉक बंद करून हात झटकतात. टाकी रिकामी झाली असे धरून गाडी महिनोन् महिने उभी राहते. पुढच्या प्रवासात नळाला कुबट वास आला की दोष मात्र टाकीच्या प्लॅस्टिकला जातो.

धार मंदावण्याचे गणित इव्हांजेलिस्टा तोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४४ साली मांडले. छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. घर्षण बाजूला ठेवले तर ३० सेंटिमीटर पाणी असताना धार सेकंदाला सुमारे २.४ मीटर वेगाने निघते. तेच पाणी १ सेंटिमीटरवर आले की वेग ०.४ मीटरच्या आसपास उरतो. याचा पुढचा हिशेब गमतीचा आहे. सरळ भिंतींच्या टाकीतले पाऊण पाणी जायला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढाच वेळ उरलेले पाव पाणी घेते. म्हणजे धार बारीक झाली तेव्हा, घड्याळाच्या भाषेत, काम जेमतेम निम्मे झालेले असते.

तोरिचेल्लीची दुसरी देणगीही याच टाकीत कामाला येते. हवेला वजन आहे आणि तिचा दाब सुमारे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो, ही समज त्याच्या वायुदाबमापकातून आली. आता टाकीची हवेची नळी कचऱ्याने किंवा किड्याच्या घरट्याने बुजली आहे अशी कल्पना करा. पाणी खाली जाते तशी वरची कोंडलेली हवा विरळ होते. ३० सेंटिमीटर पाणी अडवायला हा दाब फक्त ३ टक्क्यांनी कमी व्हावा लागतो. मग धार थांबते, गुडगुड आवाज करत एक बुडबुडा वर चढतो, पुन्हा थोडे पाणी पडते. असा आवाज आला तर भरायच्या तोंडाचे झाकण काढून पाहा. नळ उघडे ठेवणेही गरजेचे, कारण नळ्यांमधल्या पाण्यालाही खाली यायला मागून हवा लागते.

एवढे करूनही थोडे पाणी मागे राहतेच. टाकीचा तळ ८० बाय ६० सेंटिमीटरचा आणि निचऱ्याच्या छिद्राची कड तळापासून ४ मिलिमीटर वर असेल, तर सपाट जागेवर जवळपास दोन लिटर पाणी कधीच बाहेर पडणार नाही. कॉक ज्या कोपऱ्यात आहे त्याच्या विरुद्ध बाजूची चाके उतरत्या ठोकळ्यांवर चढवली की यातले बरेच निघते.

दोन लिटरांनी काय बिघडते? शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. ते वाहून न्यायचे नाही म्हणून टाकी रिकामी करायची, तर दोन लिटर किस झाड की पत्ती. प्रश्न वजनाचा नाहीच.

पाणी शिळे होते असे आपण म्हणतो. पाण्याचा रेणू काही शिळा होत नाही. त्यातले क्लोरीन संपते आणि सूक्ष्मजीवांना मोकळे रान मिळते. मोकळे पोहणारे जिवाणू तसे निरुपद्रवी पाहुणे, ते पाण्याबरोबर निघून जातात. खरे बिऱ्हाड थाटतात ते भिंतीला चिकटलेले. पृष्ठभागाला चिकटलेला जिवाणू स्वतःभोवती साखरेच्या लांब रेणूंचा चिकट लेप तयार करतो, शेजारी येऊन मिळतात आणि बोटाला बुळबुळीत लागणारा थर तयार होतो. याला बायोफिल्म म्हणतात. दातांवरचे कीटणही याच जातीचे. १६८० च्या दशकात लेव्हेनहूक या डच सूक्ष्मदर्शककाराने आपल्या दातांवरचे कीटण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा व्हिनेगरने वरवरचे जीव मरतात, आतले जिवंत राहतात, हे त्याच्या लक्षात आले होते. टाकीतही तेच होते. क्लोरीन वरच्या थराशी झटापट करण्यातच खर्ची पडते, तळापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: आधी हात, मग औषध. टाकीला हात जाईल एवढे झाकण असेल तर मऊ फडक्याने भिंती आणि कोपरे पुसून काढा. पांढरे क्षार बसले असतील तर सायट्रिक आम्ल वापरा, पण थंड पाण्यात. त्यातून तयार होणारे कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळते आणि खाली बसते. टाकी आणि नळ्या पूर्ण धुऊन मगच ब्लीचला हात लावा. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, त्यामुळे इथे घाई नको. ५ टक्के तीव्रतेचे, सुगंध नसलेले साधे ब्लीच १०० लिटर पाण्यात १०० मिलिलिटर टाकले की लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन मिळते. प्रत्येक नळातून त्याचा वास येईपर्यंत पाणी सोडा, चार-पाच तास तसेच ठेवा, मग वास जाईपर्यंत धुवा. गिझरचे मात्र माहितीपत्रक आधी वाचा. काहींच्या आतल्या धातूला क्लोरीन सोसत नाही.

गिझर आणि शॉवरकडे जास्त लक्ष द्यायचे कारण लेजिओनेला नावाचा जिवाणू. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन झाले आणि त्यानंतर अनेकांना न्यूमोनिया झाला; पुढच्या वर्षी त्यामागचा हाच जिवाणू सापडला. कोमट, साचलेले पाणी त्याला मानवते. पाणी प्यायल्याने सहसा नव्हे, तर शॉवरचे बारीक तुषार श्वासातून आत गेल्याने तो फुप्फुसात पोहोचतो. ६० अंशांच्या वर तो तग धरत नाही.

आणि थंडी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. अर्ध्या टाकीत बर्फ झाला तर त्याला वर फुगायला जागा असते, म्हणून टाकी सहसा तडकत नाही. फुटतो तो पंप, नाहीतर नळाचा आतला भाग. बर्फाचा खडा एका बाजूला आणि बंद नळ दुसऱ्या बाजूला, मधल्या चमचाभर पाण्याला जागाच उरत नाही. निचरा झाल्यावर पंप काही सेकंद चालवून त्यातले पाणी ढकलून द्यावे आणि पंपाजवळच्या गाळणीची वाटी उघडून रिकामी करावी. एका दांड्याचे मिश्रक नळ मधोमध उघडे ठेवावेत, म्हणजे गरम आणि थंड दोन्ही नळ्या मोकळ्या राहतात. शॉवरचा हात खुंटीवरून काढून खाली सोडावा. काही गिझरना पाणी ३ अंशांजवळ आले की आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह असतो, पण तो बहुधा गिझरपुरताच. टाकी आणि नळ्या आपणच पाहायच्या.

शेवटी टाकीचे झाकण किलकिले ठेवा, जाळी लावून, म्हणजे ओल हवेवर सुकेल. निचऱ्याचा कॉकही उघडाच राहू द्या. पुढच्या वेळी टाकी भरताना गाडीखाली ओघळ दिसला, तर गळती शोधत बसण्याआधी तोच बघा.