काचबिंदूचे थेंब: कॅलाबारच्या बीपासून रात्रीच्या एका थेंबापर्यंत

डोळ्यात आतल्या आत सतत थोडे पाणी तयार होते आणि बुबुळाच्या कडेच्या जाळीतून झिरपून बाहेर पडते. ही जाळी तुंबली की डोळ्यातला दाब चढतो आणि हळूहळू नजर घालवणारा काचबिंदू होतो. साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा हा नेहमीचा दाब. त्यावरचे उपाय दोनच: पाण्याचा नळ बारीक करायचा, नाहीतर मोरी मोकळी करायची. दीडशे वर्षांत आलेला प्रत्येक थेंब यातले एक काम करतो, काही दोन्ही करतात.

सुरुवात मोरीपासून झाली. आजच्या नायजेरियातल्या कॅलाबार भागात चेटकाचा आरोप असलेल्याला एक विषारी बी गिळायला लावत. उलटी झाली तर तो निर्दोष, मेला तर दोषी. 1860च्या दशकाच्या सुरुवातीला एडिंबरोत टॉमस फ्रेझर यांनी त्या बीच्या अर्काने बाहुली आकसते हे दाखवले. 1876 मध्ये स्ट्रासबर्गच्या लुडविग लाकर यांनी त्यातले फायसोस्टिग्मिन काचबिंदूसाठी वापरले. त्यांना स्वतःलाच काचबिंदू होता. तोवर भरवशाचा उपाय म्हणजे जर्मन नेत्रतज्ज्ञ फोन ग्रेफे यांनी 1857 मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया.

पाठोपाठ ब्राझीलच्या जाबोरांडी झुडपातून पायलोकार्पिन आले आणि पुढची शंभर वर्षे तेच मुख्य औषध राहिले. ते डोळ्यातला सिलिअरी स्नायू आवळते, त्याच्या ओढीने जाळी उघडते. पण बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तिन्हीसांजेला अंधारल्यासारखे दिसते, भुवई ठणकते. मोतीबिंदू मधोमध असेल तर दिसणे आणखी कमी. आणि थेंब दिवसातून चार वेळा. दुखणे जाणवत नाही, औषध मात्र त्रास देते, मग थेंब चुकणारच.

नळ बारीक करणारे पहिले औषध म्हणजे 1954 ची अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी. हातापायांना मुंग्या, मुतखडे असे तिचे उपद्रव सगळ्या शरीरभर. तेच काम थेंबातून करणारे डोर्झोलामाइड यायला चाळीस वर्षे गेली, आणि तेही चुरचुरते, तोंड कडू करते.

मधे 1967 मध्ये प्रोप्रॅनोलॉल या हृदयाच्या औषधाने डोळ्याचाही दाब उतरतो हे दिसले. पण ते डोळ्याचा पृष्ठभाग बधिर करते, म्हणून थेंबासाठी निरुपयोगी. त्याच कुळातल्या टिमोलॉलमध्ये ती खोड नव्हती, 1978 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. बाहुलीला धक्का नाही, दिवसातून एक-दोन थेंब. रुग्णांना खरी सुटका इथे मिळाली असे आम्ही मानतो. मात्र थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथून यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातो. दमेकऱ्याला धाप लागते, नाडी मंदावते. त्यामुळे दमा किंवा मंद नाडी असेल तर लिहून देणाऱ्याला आधी सांगितलेच पाहिजे. झोपेत पाणी मुळात कमी तयार होते, म्हणून रात्री याचा उपयोग फारसा नाही. एकदाच घालायचे तर सकाळी.

प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच तयार होणाऱ्या रसायनाने डोळा लाल होतो, दाब वाढतो, असा समज सशांना मोठा डोस दिल्याने पक्का झाला होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लास्लो बिटो आणि तेव्हा विद्यार्थी असलेले कार्ल कॅमरस यांनी 1977 मध्ये दाखवले की थोड्या डोसने सशांचाही दाब उतरतो. रेणूच्या शेपटीत बदल करून लालीही कमी केली गेली आणि 1996 मध्ये लॅटानोप्रॉस्ट बाजारात आले: 0.005 टक्के, रात्री एक थेंब, दाब साधारण पाव ते एक तृतीयांश कमी. हे जाळी बाजूला ठेवून स्नायूच्या तंतूंमधली दुसरी वाट रुंद करते. पापण्यांचे केस वाढतात, घारे डोळे कायमचे तपकिरी होऊ शकतात. दिवसातून दोनदा घातले तर परिणाम वाढत नाही, उलट घटतो. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची, उघडलेली 25 अंशांखाली सहा आठवडे. विदर्भातल्या मे महिन्यात याचा अर्थ फ्रीजचे दार, फ्रीझर नव्हे.

2017 चे नेटारसुडिल पुन्हा मूळ जाळीवरच काम करते, पण डोळे फार लाल करते.

औषध कोणतेही असो, डोळ्यात मावते सुमारे 30 मायक्रोलिटर, बाटलीतून पडतो 30 ते 50 चा थेंब. दुसरा थेंब गालावरच ओघळतो. खालची पापणी ओढून एकच घालावा, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा. दुसरे औषध असेल तर ते पाच मिनिटांनी, नाहीतर ते पहिल्याला धुऊन नेते.