वय ठरवलं कोणी? आयुष्याच्या टप्प्यांमागची गोष्ट

बालपण, तारुण्य, मध्यमवय, म्हातारपण हे कप्पे आपल्या इतके अंगवळणी पडलेत की ते निसर्गानेच आखून दिलेत असं वाटतं. पण 14, 18, 60, 65 हे जे आकडे आपण धरून बसलोय ना, त्यातले बहुतेक गेल्या दोनेकशे वर्षांत कारखाने, सरकारी कचेऱ्या आणि पेन्शनच्या हिशोबातून आलेत, आणि शरीराला त्यात फारसं कोणी विचारलेलं नाही.

म्हणजे आयुष्याचे भाग पाडायची हौस जुनीच आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या ग्रीसच्या सोलोन या कायदेकर्त्याने सात-सात वर्षांचे दहा टप्पे सांगितले होते, पहिल्यात दुधाचे दात पडणार, तिसऱ्यात दाढी येणार आणि सत्तरीला माणूस गेला तर अकाली गेला म्हणायचं नाही. पण हे सगळं ढोबळ, कारण स्वतःचं नेमकं वय बहुतेकांना माहीतच नसायचं. जुन्या जनगणना बघितल्या तर 40, 50, 60 वयाच्या लोकांची ही गर्दी, आणि 41 किंवा 59 चे मात्र मोजकेच. विचारलं की लोक अंदाजे पूर्ण आकडा सांगून मोकळे व्हायचे, आणि त्यावाचून कोणाचं काही अडतही नव्हतं.

अडायला लागलं ते कारखान्यांमुळे. इंग्लंडमध्ये 1833 च्या कायद्याने कापड गिरण्यांत 9 वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आली (रेशमाच्या गिरण्यांना यातूनही सूट होतीच), आणि 13 पर्यंतच्या मुलांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आली. कायदा तर झाला, पण समोर उभं असलेलं पोर 8 वर्षांचं की 10 वर्षांचं हे कळणार कसं? जन्माची सरकारी नोंद तिथे सुरू झाली तीच मुळी 1837 मध्ये. मग डॉक्टर मुलाची अंगकाठी बघून दाखला द्यायचे, आणि घरच्यांना मजुरी हवी, मालकाला स्वस्तातले हात हवेत, त्यामुळे वय वाढवून सांगण्यात दोघांचाही फायदा. त्याच 1837 मध्ये एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्याने पार्लमेंटसाठी पुस्तिकाच काढली की उंचीपेक्षा दातांवर भरवसा ठेवा, कुठला दात कुठल्या वयात येतो ते बऱ्यापैकी ठरलेलं असतं. म्हणजे पोराचं बालपण अजून शिल्लक आहे की संपलं हे तोंड उघडायला लावून ठरवायचं! हसू नका, ज्यांच्याकडे जन्मदाखला नाही अशा स्थलांतरित मुलांच्या हाताचा एक्स-रे काढून आजही काही देशांत हेच चालतं, आणि त्यासाठी वापरला जाणारा प्रसिद्ध ॲटलास (कुठल्या वयात हाताची हाडं कशी दिसतात त्याचं चित्रांचं पुस्तक) 1930 च्या दशकातल्या अमेरिकेतल्या खात्यापित्या घरच्या गोऱ्या मुलांवरून बनवलेला आहे, त्यात दोनेक वर्षं इकडेतिकडे सहज होतात.

फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने 1960 मध्ये तर असं मांडलं की मध्ययुगात बालपण ही वेगळी कल्पनाच नव्हती. त्यावर खूप टीका झाली आणि मला ती टीका पटते, जुन्या डायऱ्या-पत्रांमधून लेकरासाठी जीव टाकणारे आईबाप ढीगभर सापडतात. माया होतीच की, नव्हती ती वयाची कायदेशीर रेघ. किशोरवयाचंही थोडं तसंच, 1904 मध्ये स्टॅन्ली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने त्यावर दोन खंडी ग्रंथ लिहिला आणि 'हे वयच वादळी' हा समज पक्का झाला. गंमत म्हणजे त्याच काळात युरोप-अमेरिकेत मुलींची पाळी सुरू व्हायचं वय खाली येत होतं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला 16 च्या आसपास किंवा त्याच्याही पुढे, ते विसाव्या शतकात 13 पर्यंत आलं, आणि शाळा मात्र लांबत चालली. शरीर लवकर मोठं आणि कागदावर उशिरा मोठं, या मधल्या फटीत घरोघरचे किती वाद सामावलेत बघा.

आता दुसरं टोक. रिटायरमेंटचं 65 हे वय जर्मनीचा तेव्हाचा चान्सलर बिस्मार्कने ठरवलं कारण तो स्वतः तेव्हा 65 चा होता, ही गोष्ट फॉरवर्ड होत असते. साफ चूक. 1889 च्या जर्मन कायद्यात वय 70 होतं, बिस्मार्क स्वतः 74 चा होता, आणि 70 चं 65 झालं ते 1916 मध्ये, तो जाऊन बरीच वर्षं झाल्यावर. अमेरिकेने 1935 मध्ये 65 घेतलं. या आकड्यांमागे तिजोरीला काय परवडेल हा विचार मोठा होता.

ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 1909 पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला 5 शिलिंगपर्यंत पेन्शन सुरू झालं आणि आयर्लंडमध्ये, जो तेव्हा ब्रिटनचाच भाग होता, भलतीच पंचाईत झाली, कारण तिथे सगळ्यांच्या जन्माची नोंद 1864 पासूनची, म्हणजे सत्तरीच्या कोणाकडेच सरकारी दाखला नाही. मग काय, 6 जानेवारी 1839 च्या रात्री तिथे एक भयंकर वादळ झालं होतं, ते आठवतंय का असं अर्जदारांना विचारायला लागले. आता 5 शिलिंग मिळणार म्हटल्यावर कोणाला नाही आठवणार? काही जणांना तर त्या रात्री आपण हातात बटाटा घेऊन खात होतो इथपर्यंत आठवलं. अर्जांची संख्या अपेक्षेपेक्षा कितीतरी वर गेली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पूर्वी सरासरी आयुर्मान 40 होतं म्हणजे लोक चाळिशीत म्हातारे होऊन मरायचे, असं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या बाळांपैकी साधारण 15 टक्के वर्षाच्या आतच जायची, त्याने सरासरी खाली ओढली जायची, बालपण पार केलेला माणूस साठी बघण्याची शक्यता चांगली असायची. आज्या तेव्हाही होत्या. उलट टांझानियातल्या शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या हाड्झा लोकांमध्ये काम केलेल्या मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं की माणसाचं आयुष्य एवढं लांबलं तेच आज्यांमुळे, वयस्कर बायका जमिनीतले कंद खणून नातवंडांना भरवतात, मग आईला पुढचं मूल लवकर होऊ शकतं. हे सगळ्यांना मान्य नाही, पण पाळी गेल्यावर बाईचं काम संपलं म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून मला तरी आवडतं.

आणि पाळी जाणं ही रेघ मात्र खरोखर शरीराने आखलेली. ती चाळीस ते पन्नासमध्ये जाते हे ॲरिस्टॉटलनेही लिहून ठेवलंय. वैद्यकशास्त्राचं लक्ष तिकडे नीट गेलं ते एकोणिसाव्या शतकात, 1821 मध्ये गार्दान या फ्रेंच डॉक्टरने रजोनिवृत्तीला 'मेनोपॉज' हे आज वापरात असलेलं वैद्यकीय नाव दिलं. 1966 मध्ये रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टरने पुस्तक लिहून सांगितलं की हा आजार आहे, हार्मोन घ्या आणि कायम तरुण राहा. पुस्तक धडाधड खपलं, औषधही, आणि त्याच्यामागे औषध कंपन्यांचा पैसा होता हे नंतर बाहेर आलं. 1975 मध्ये नुसतं इस्ट्रोजेन घेतल्याने गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो हे दिसलं, मग जोडीला दुसरं हार्मोन आलं, आणि 2002 मध्ये या दोन हार्मोनच्या जोडीची अमेरिकेतली 16,608 बायकांवरची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली, ब्रेस्ट कॅन्सर आणि हृदयाचा धोका वाढलेला दिसला म्हणून. बातम्यांनी घबराट उडवली. दर 10,000 बायकांमागे वर्षाला 8 ब्रेस्ट कॅन्सर जास्त, हा आकडा फार थोड्यांपर्यंत पोचला, आणि त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं हे तर त्याहून कमी जणांपर्यंत. अंगातून वाफा निघतायत, झोप नाही म्हणून डॉक्टरकडे जाणारी बाई असते पन्नाशीची. पुढे त्याच आकड्यांची वयानुसार फोड केल्यावर साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या बायकांसाठी हिशोब बराच वेगळा, फायद्याच्या बाजूला झुकणारा निघाला, पण तोवर कित्येक डॉक्टरांनी ही औषधं लिहून द्यायचं सोडून दिलं होतं.