टॅबलेट रूटिंग

टॅबलेट रूटिंग : अँड्रॉइड टॅबलेटवर ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याचे हक्क मिळवून मूळ प्रणालीत फेरफार करण्याची प्रक्रिया. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स प्रणालीचा गाभा (कर्नल) असतो. त्यात प्रत्येक ॲपला वेगळा वापरकर्ता क्रमांक मिळतो आणि ते आपल्या कुंपणातच राहते. शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्याला मात्र कुंपण नसते, तोच रूट. टॅबलेट विकत घेणाऱ्याच्या हाती हा क्रमांक दिलेला नसतो. बोलण्यात रूट करणे, बूटलोडर (टॅबलेट सुरू होताना प्रणाली चालू करणारा छोटा प्रोग्रॅम) अनलॉक करणे आणि कस्टम रॉम (इतरांनी बनवलेली पर्यायी प्रणाली) टाकणे या तिन्ही गोष्टींची सरमिसळ होते. बूटलोडर अनलॉक केला की कंपनीची सही नसलेली प्रणालीही चालू शकते, रूटमुळे असलेल्या प्रणालीत पूर्ण अधिकार मिळतो, आणि रॉम टाकणे म्हणजे प्रणालीच बदलणे.

सुरुवातीच्या काळात रूट मिळवायचा तो चुकांचा फायदा घेऊन. २००८ मध्ये आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये कीबोर्डवर टाइप केलेले प्रत्येक अक्षर पडद्याआड रूट अधिकाराच्या एका कन्सोललाही (आज्ञा घेणाऱ्या खिडकीलाही) पोचत होते. ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द टाइप करून एंटर दाबले की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. स्वस्त टॅबलेटांत तर कधीकधी दार उघडेच राहिलेले असे. ऑलविनर कंपनीच्या चिपसाठीच्या ३.४ आवृत्तीच्या लिनक्स गाभ्यात असेच एक दार २०१६ मध्ये उघडकीला आले : ठरावीक फाइलमध्ये ‘रूटमायडिव्हाइस’ एवढा शब्द लिहिला की लिहिणारी प्रक्रिया थेट रूट होई. चाचणीसाठी घातलेला हा कोड काढायचा राहून गेला होता. मीडियाटेकच्या अनेक चिपांमधील अशीच एक त्रुटी गूगलच्या मार्च २०२० च्या सुरक्षा पत्रकात नोंदवली गेली. त्याआधी बरेच महिने हौशी मंडळी तिच्या आधारे टॅबलेट रूट करत होती. अशा दारातून मालक आत शिरतो तसे एखादे घातक ॲपही शिरू शकते, हे या सोयीमागचे वास्तव आहे.

आजची रूढ पद्धत सरळ आहे. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केले की डेव्हलपर ऑप्शन्स दिसू लागतात. तेथे ओईएम अनलॉकिंगला (बूटलोडर उघडू देणाऱ्या पर्यायाला) परवानगी द्यायची आणि टॅबलेट केबलने संगणकाला जोडून फास्टबूट या संगणकावरून आज्ञा देण्याच्या साधनातून बूटलोडर अनलॉक करायचा. या टप्प्यावर सगळा डेटा उडतो, म्हणून बॅकअप आधीच घ्यावा लागतो. मग कंपनीच्या स्टॉक रॉममधून (मूळ प्रणालीतून) बूट इमेज, म्हणजे टॅबलेट सुरू करणारी फाइल, काढून ती मॅजिस्क या रूट करण्याच्या ॲपने पॅच करायची आणि परत फ्लॅश करायची, म्हणजे टॅबलेटमध्ये लिहायची. (अँड्रॉइड १३ सह बाजारात आलेल्या बऱ्याच उपकरणांत त्याऐवजी इनिट-बूट इमेज घ्यावी लागते.) जॉन वू यांनी २०१६ मध्ये आणलेल्या मॅजिस्कचे वैशिष्ट्य म्हणजे ते सिस्टिम पार्टिशनला, म्हणजे प्रणाली असलेल्या साठवणीच्या भागाला, हात लावत नाही.

कमी किमतीच्या टॅबलेटवर रूट करणे त्या मानाने सोपे. खरी अडचण योग्य फाइल मिळण्याची. नामांकित मॉडेलांचे स्टॉक रॉम सापडतात, किरकोळ ब्रँडचे सहसा नाहीत. लिनक्सच्या जीपीएल परवान्यानुसार गाभ्याचा सोर्स कोड देणे बंधनकारक असूनही अनेक उत्पादक तो देत नाहीत, आणि तो नसेल तर चांगला कस्टम रॉम बनणे जवळपास अशक्य. भरीला भर म्हणजे एकाच मॉडेलच्या नावाखाली निरनिराळे बोर्ड, टच पॅनल आणि वाय-फाय चिप बसवलेल्या असतात. मागच्या झाकणावरचे नाव जुळले म्हणून रॉम टाकला की टॅबलेट सुरू होतो, पण डावीकडे वर बोट ठेवले तर उजवीकडे खालचे ॲप उघडते. अशा वेळी कळते की नाव नव्हे, बोर्डावर छापलेला क्रमांक जुळायला हवा होता.

अँड्रॉइड ८ बरोबर आलेल्या ट्रेबल रचनेने यावर अर्धा उपाय दिला. हार्डवेअरशी संबंधित भाग वेगळ्या पार्टिशनमध्ये गेल्यामुळे एकच सर्वसाधारण इमेज, म्हणजे जीएसआय, अनेक टॅबलेटांवर चालू शकते. चालते म्हणजे होम स्क्रीन येते. कॅमेरा आणि ब्लूटूथचा आवाज यांची खात्री नसते.

फ्लॅशिंग फसले की टॅबलेट ‘ब्रिक’ झाला असे म्हणतात. लोगोवरच अडकून पुन्हापुन्हा सुरू होणारा टॅबलेट बहुधा वाचतो. स्वस्त चिपांची एक जमेची बाजू येथे दिसते : ऑलविनरचा फेल मोड किंवा रॉकचिपचा मास्करॉम मोड चिपच्या आतच कोरलेला असल्याने तो पुसला जाऊ शकत नाही. योग्य फर्मवेअर हाताशी असेल तर अगदी निपचित पडलेला टॅबलेटही त्या वाटेने उठवता येतो.

रूटचे फायदे अनेकदा फुगवून सांगितले जातात. नको असलेली ॲप काढायची किंवा पडद्यावरची अक्षरे लहान-मोठी करायची, तर एडीबी या संगणकावरून टॅबलेटला आज्ञा देणाऱ्या साधनाच्या आज्ञा पुरतात. रूट लागत नाही. दोन जीबी रॅम आणि संथ ईएमएमसी साठवण यांचा वेग रूटने वाढत नाही. पूर्ण बॅकअप, जाहिराती होस्ट्स फाइलमधून (संकेतस्थळांच्या पत्त्यांच्या यादीतून) रोखणे, प्रोसेसरचा वेग आपल्या हातात घेणे यांसाठी मात्र तो उपयोगी आहे. मोबदल्यात बँकांची काही ॲप चालायला नकार देतात, काही उपकरणांत वाइडवाइन या व्हिडिओ-संरक्षण यंत्रणेची पातळी एल१ वरून एल३ वर घसरून व्हिडिओ कमी स्पष्टतेने दिसतात, आणि कंपनीचे अपडेट अडतात.

अमेरिकेत स्वतःच्या फोनचे कुलूप तोडण्यास कॉपीराइट कायद्यातून २०१० मध्ये सूट मिळाली. टॅबलेटसाठीची मागणी २०१२ मध्ये फेटाळली गेली, कारण टॅबलेट नेमके कशाला म्हणायचे हेच स्पष्ट नव्हते. ती २०१५ मध्ये मान्य झाली.

मूळ स्थितीत परतताना क्रम महत्त्वाचा असतो. आधी संपूर्ण स्टॉक रॉम टाकायचा, टॅबलेट एकदा नीट सुरू करून पाहायचा आणि मगच बूटलोडर लॉक करायचा. बदललेली प्रणाली तशीच ठेवून लॉक केल्यास पुढच्या वेळी तो सुरू होण्याचेच नाकारतो.