पोर्तोतले दोन लोखंडी पूल: आयफेलचा नेमका कोणता?

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराच्या दुमजली पुलाचा फोटो आणि खाली ‘आयफेलचा पूल’ अशी ओळ अनेकदा दिसते. तो आयफेल टॉवरवाल्या आयफेलचा नाही. आयफेलच्या कंपनीचा पूल त्याच दोरू नदीवर, थोडा वरच्या अंगाला आहे. दोन्ही घडीव लोखंडाचे, दोन्ही कमानीचे, आणि नावंही नवराबायकोची: आयफेलच्या कंपनीच्या पुलाला राणी मारिया पियाचं, दुमजली पुलाला राजा लुईश पहिला याचं.

ओळखायचं तर कमान बघा. मारिया पिया (१८७७) हा रेल्वेपूल. त्याची १६० मीटरची कमान चंद्रकोरीसारखी आहे: मध्यावर जाड, पायथ्याशी निमुळती होत बिजागरीवर टेकलेली. बिजागरीपाशी लोखंड वाकवणारा जोर उरत नाही, म्हणून तिथे जाडी लागत नाही. समोरून पाहिलं तर कमानीच्या दोन फासळ्या खाली फाकत जातात. वाऱ्याच्या रेट्यापुढे पूल उभा राहावा म्हणून. लुईश पुलाची १७२ मीटरची कमान नेमकी उलटी, पायथ्याशी भरभक्कम आणि माथ्यावर बारीक.

मला सगळ्यात भावते ती मारिया पियाची उभारणी. नदी खोल, प्रवाहाला ओढ. पात्रात परांची उभी करणं शक्य नव्हतं. मग दोन्ही काठांवरून कमानीचे तुकडे एकेक करून हवेत पुढे सरकवले, वरून तारदोरांनी मागे ओढून धरले आणि मध्यावर जुळवले. मापात जराही चूक झाली असती, तर दोन टोकं जुळलीच नसती.

या पुलाच्या आराखड्यामागे आयफेलचा भागीदार तेओफिल सेरिग होता. पुढे तो वेगळा झाला आणि लुईश पुलासाठी एका बेल्जियन कंपनीकडून उतरला. आयफेलचाही प्रस्ताव होता, पण काम सेरिगच्या आराखड्याला मिळालं. वरचा मजला १८८६ मध्ये खुला झाला. शहर टेकडीवर, धक्का खाली पाण्यालगत, म्हणून दोन मजले: वरचा टेकडीला टेकडी जोडतो, खालचा धक्क्याला धक्का. इतक्या साध्या उत्तरासाठी तरी सेरिगचं नाव लोकांच्या तोंडी असायला हवं होतं.

लुईशच्या वरच्या मजल्यावरून आता मेट्रो धावते आणि माणसं चालतात. मारिया पियावरून १९९१ पासून गाडी जात नाही. ती वाहतूक शेजारच्या काँक्रीटच्या साओ जुआंव पुलावर गेली.