तीन चौकटी, एक शिरोरेषा

पाचवीतल्या भाचीला जलचक्राची आकृती हवी होती. समुद्र, ढग, नदी अशा तीन चौकटी एका ओळीत आणि मध्ये बाण. माऊसने सरकवत मी ती जमवून दिली. मग ती म्हणाली, “मामा, नुसतं ‘ढग’ नको, ‘पावसाळी ढग’ कर.” चौकट रुंद झाली, बाण तिच्या पोटात शिरला, नदी झाकली गेली. सगळं पुन्हा सरकवणं आलं.

आकृती म्हणजे हाताने सरकवायची गोष्ट, हा समज पक्का आहे. पण ती लिहूनही काढता येते. डोनाल्ड नुथ यांनी १९७८मध्ये ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली आणली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ‘लाटेक’ रचलं आणि पुढे टिल टानटाऊ यांनी आकृत्यांसाठी ‘टिक्झ’ लिहिलं. त्यात चौकट कुठे आहे हे आकड्यात सांगावं लागत नाही, ती कुणाच्या शेजारी आहे एवढं सांगितलं की पुरतं: ढग समुद्राच्या उजवीकडे, नदी ढगाच्या उजवीकडे. ‘उजवीकडे’साठी ‘राइट’ आणि ‘ऑफ’ हे इंग्रजी शब्द आणि एक बरोबरचं चिन्ह (=) लिहितात, आणि ते चिन्ह कुठे येतं याला फार महत्त्व आहे. ते ‘ऑफ’नंतर लिहिलं, तर अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं जातं आणि लांब शब्द एकमेकांवर चढतात. ‘राइट’नंतर लिहिलं, तर ते काठापासून काठापर्यंत धरलं जातं. मग शब्द कितीही वाढो, मधली फट तेवढीच राहते.

हल्ली ‘एआयला सांगा, आकृती तयार’ असा गाजावाजा असतो. पण मिळालेल्या कोडमध्ये प्रत्येक चौकटीला अंदाजाने आकडे चिकटवले असतील, तर ते काम माऊसच्या कामाइतकंच ठिसूळ.

आता माझ्या आवडीचा भाग. चौकटी नीट रांगेत आल्या, तरी ‘समुद्र’, ‘ढग’, ‘नदी’ हे शब्द वरखाली दिसतात. का? प्रणाली शब्दाला अक्षर म्हणून पाहत नाही, डबी म्हणून पाहते आणि डब्यांचे मध्य जुळवते. समजा, अक्षराच्या तळापासून शिरोरेषा ६ मिमी वर आहे. ‘ढग’ची डबी ० ते ६, मध्य ३ वर. ‘नदी’ची वेलांटी ९पर्यंत गेली, तर मध्य ४.५ वर. ‘समुद्र’मधला उकार ३ मिमी खाली उतरला, तर डबी उणे ३ ते ६, मध्य १.५ वर. हे तीन मध्य एका रेषेत आणले की शिरोरेषा त्या रेषेच्या अनुक्रमे ३, १.५ आणि ४.५ मिमी वर येते. म्हणजे ‘नदी’ दीड मिलिमीटर खाली घसरली आणि ‘समुद्र’ तेवढाच वर उचलला गेला! रोमन अक्षरं तळरेषेवर उभी असतात, आपली शिरोरेषेला टांगलेली. वरची रेघ अशी ठळक असल्यामुळे हा दोष मराठी डोळ्यांना जास्त खुपतो.

उपाय असा की मध्य न जुळवता तळरेषा जुळवायची. टिक्झमध्ये चौकटीला धरण्याच्या जागा ठरलेल्या असतात: उत्तर, दक्षिण, मध्य आणि ‘बेस’, म्हणजे आतल्या मजकुराची तळरेषा. फाँट आणि आकार एकच असेल, तर तळापासून शिरोरेषेची उंचीही एकच. त्यामुळे तळ जुळला की शिरोरेषा आपोआप जुळते. मात्र आता चौकटींचे काठ वरखाली होतात. म्हणून प्रत्येक मजकुराला सारखी उंची आणि सारखी खोली आधीच नेमून द्यायची, वेलांटी-उकार असो वा नसो.

बाणाचंही असंच. तो मध्याकडून मध्याकडे रोखलेला असतो, पण काठावर थांबतो. १ सेमी त्रिज्येच्या वर्तुळाचा मध्य (०, ०) आणि लक्ष्य (३, ४) असेल, तर त्यांच्यातलं अंतर ५, म्हणून बाण (०.६, ०.८) या बिंदूतून निघतो. चौकोनासाठी हेच गणित वेगळं होतं, कारण आधी रेघ कोणत्या बाजूला छेदते ते शोधावं लागतं.

नंतर भाचीला नदीपुढे ‘खाडी’ हवी झाली. मी एकच चौकट आणि एक बाण लिहिला, नदीच्या उजवीकडे. बाकीच्या चौकटींना हात लावावा लागला नाही आणि ‘खाडी’ची शिरोरेषा ‘नदी’च्या ओळीतच बसली.