कान धड, ऐकणं वेगळं

"मन्हा कानमा कोनी तरी बोलस," असं तरणा पोरगा म्हणू लागला की खान्देशात घरचे आधी भगत गाठतात, मग कानाचा डॉक्टर. कान धड निघतात, आणि कोडं वाढतं.

वैद्यकशास्त्रही इथेच बराच काळ अडलं होतं. १९०८ साली स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी, ज्यात असे आवाज ऐकू येतात त्या मनाच्या आजाराला स्किझोफ्रेनिया म्हटलं. पुढे जर्मनीच्या कुर्ट श्नायडर यांनी निदानाच्या ठळक खुणा सांगितल्या: दोन आवाज आपल्याविषयी आपसात बोलतात, आपण पाणी प्यायला उठलो की कोणी 'बघ, उठला' म्हणतं, स्वतःचाच विचार मोठ्याने ऐकू येतो. सगळी चौकशी भासांची. कुकरची शिट्टी किंवा आईची हाक त्याच माणसाला कशी ऐकू येते, हे कोणी फारसं विचारलंच नाही.

ते विचारणं सुरू झालं मेंदूतले विद्युत-तरंग मोजता येऊ लागल्यावर. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन 'टक्' ऐकवले तर एरवी मेंदू दुसऱ्याकडे काणाडोळा करतो. अनेक रुग्णांचा तसा करत नाही, असं १९८२ मध्ये अमेरिकेत दिसलं. एकसुरी आवाजांत मधेच वेगळा स्वर आला की मेंदू आपोआप दचकतो. हा प्रतिसाद फिनलंडमध्ये १९७८ साली नोंदवला गेला होता. स्किझोफ्रेनियात तो क्षीण असतो हे १९९१ मध्ये पुढे आलं.

भासांबाबत मला पटणारा धागा वेगळा आहे. बोलण्याआधी मेंदू श्रवणकेंद्राला वर्दी देतो, 'हा आपलाच आवाज'. ती वर्दी नीट पोचली नाही तर मनातलं बोलणं परक्याचं वाटत असावं. अर्थात सगळे भास यात बसत नाहीत.

आवाज कोणाचा, हे मात्र भोवतालावर ठरतं. २०१५ च्या एका तौलनिक अभ्यासात चेन्नईच्या रुग्णांना बरेचदा नातलग ऐकू येत, कामं सांगणारे. अमेरिकेतल्यांना हिंसक धमक्या. सातपुड्याच्या पाड्यावर तो आवाज शेजारणीचा ठरला, तर तिच्यावर 'डाकीण' म्हणून बोट रोखलं जाण्याची धास्ती असते. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीही आहे.

धुळे-जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत उपचार मिळतात. औषधांनी अनेकांचे भास ओसरतात. स्वरांतला बारीक फरक ओळखण्यातली उणीव सहसा तितकी भरून येत नाही. चढ-उतार निसटले की टोमणाही निसटतो. "मोठा शहाणा लागून गेला!" हे मग त्याला कौतुक वाटतं, आणि घरचे म्हणतात, मुद्दाम करतो.