यंत्राला गाण्याचं वय कळत नाही

माझी भाची पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यात ती चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती. मेथी निवडता निवडता एका कानात इअरबड घालून काहीतरी ऐकत होती. मध्येच हात थांबवून म्हणाली, "मावशी, 'शुक्रतारा मंद वारा' ऐकलंयस तू? कसलं भारी गाणं आहे!"

मला एकदम भरून आलं. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज. साठच्या दशकातलं गाणं, तिच्या आईच्याही जन्माआधीचं.

"तुला कुठे मिळालं गं?"

"कुठे नाही, आपोआप लागलं. पावसाची गाणी लावली होती, ती संपल्यावर हे सुरू झालं."

हे 'आपोआप' कसं घडतं, ते समजून घेण्यासारखं आहे. पूर्वी जुनं गाणं नव्या कानापर्यंत पोचायचं ते माणसाच्या हातून. रेडिओवरचा निवेदक ते लावायचा, घरातलं थोरलं माणूस कॅसेट काढून द्यायचं. कॅसेटच्या दुकानात नवा माल दर्शनी भागात आणि जुना मागच्या फळीवर असायचा. स्ट्रीमिंगमध्ये ही मागची फळीच राहिली नाही.

एक अवाढव्य तक्ता डोळ्यांसमोर आणा. आडव्या ओळींत ऐकणारे, उभ्या रकान्यांत गाणी. ज्यानं जे ऐकलं त्या चौकोनात खूण. माणसं कोट्यवधी आणि गाणीही कोट्यवधी, त्यामुळे जवळजवळ सगळे चौकोन रिकामे. रिकाम्या चौकोनात खूण पडण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधणं हे यंत्राचं काम. याला कोलॅबरेटिव्ह फिल्टरिंग म्हणतात. त्यासाठी प्रत्येक गाण्याला आकड्यांच्या एका लांब माळेचा पत्ता दिला जातो. त्याच त्याच लोकांच्या ऐकण्यात जी गाणी बरोबरीनं येतात, त्यांचे पत्ते हळूहळू जवळ सरकतात. डोंबिवलीहून लोकलनं येणारं कुणी पावसाची नवी गाणी आणि 'शुक्रतारा' मागोमाग ऐकतं, न्यू जर्सीतलं एखादं मराठी जोडपं रविवारी सकाळी तेच करतं. अशी हजारो माणसं एकमेकांना न ओळखता ती दोन गाणी शेजारी आणून ठेवतात. गाणं कोणत्या साली निघालं, याचा रकाना या तक्त्यात नसतोच. प्रत्यक्षातल्या अ‍ॅपमध्ये इतरही हिशेब मिसळलेले असतात, नव्या गाण्याला पुढे रेटणारेही असतात. पण मुळातला हा तक्ता वयाच्या बाबतीत आंधळा आहे, आणि जुन्या गाण्यांच्या पथ्यावर पडलं ते हेच आंधळेपण.

ज्या गाण्याला अजून फारसं कुणी ऐकलेलंच नाही, त्याला असा पत्ता देता येत नाही. तिथे यंत्र स्वतः गाणं 'ऐकतं'. ध्वनीचं एक चित्र काढलं जातं: आडवा काळ, उभी वारंवारता, म्हणजे स्वर किती उंच ते, आणि जिथे आवाज जोरकस तिथे ठळक रंग. अशी असंख्य चित्रं बघून यंत्र ठेका, वाद्यं, गळ्याची जात यांतलं साम्य शिकतं. इथे एक गंमतशीर अडचण येते. १९२५ च्या आधी ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नसे. गायकानं मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, आणि वरच्या पट्टीतला बराच नाद तबकडीवर उमटतच नसे. मग यंत्र कधी कधी संगीतातलं साम्य सोडून तबकडीची खरखर आणि तो दबका नाद हेच साम्य समजतं. दोन जुन्या रेकॉर्डी केवळ जुन्या म्हणून शेजारी बसतात. म्हणजे तक्त्याला न कळणारं वय ध्वनीच्या चित्रात असं चोरपावलांनी येतं.

हे सगळं जगाला सर्वांत ठळक दिसलं ते जपानी गाण्यांमुळे. मिकी मात्सुबारा या गायिकेचं पहिलं गाणं १९७९ मध्ये आलं. नावाचा अर्थ 'मध्यरात्रीचं दार'. शब्द योशिको मिउरा यांचे, चाल तेत्सुजी हायाशी यांची. ते गायली तेव्हा ती १९ वर्षांची होती, माझ्या भाचीएवढी. २००४ मध्ये ती गेली. आणि २०२० च्या डिसेंबरात हेच गाणं स्पॉटिफायच्या जागतिक व्हायरल यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन कित्येक दिवस तिथेच राहिलं. त्याआधी इंडोनेशियातल्या रेनिच या तरुण गायिकेनं ते पुन्हा गायलं होतं. टिकटॉकवर तर वेगळीच लाट आली: मुलं आपल्या जपानी आईजवळ जाऊन हे गाणं लावायची आणि आईच्या चेहऱ्यावर ओळख कशी उमटते ते टिपायची. भांडी घासणारी आई क्षणभर थांबते आणि पुढची ओळ म्हणू लागते. ज्यांना जपानीचा एक शब्दही येत नाही अशा लाखोंनी ते पाहिलं आणि मग मूळ गाणं शोधलं.

वय न कळणं ही यंत्राची गोष्ट झाली. माणसांनी केलेल्या नियमांना मात्र ते चांगलंच कळतं. ब्रिटिश गायिका केट बुश यांचं 'रनिंग अप दॅट हिल' १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्स' या मालिकेत ते वाजलं आणि जगभरची तरुण मुलं त्याच्यामागे लागली. पण ब्रिटनच्या अधिकृत क्रमवारीचा एक नियम आहे: जुन्या गाण्याच्या स्ट्रीमिंगला नव्या गाण्याच्या निम्मंच वजन. यादी तुंबू नये म्हणून केलेला तो नियम. त्यामुळे भरपूर ऐकलं जाऊनही ते मागे राहत होतं. शेवटी क्रमवारीवाल्यांनी त्याला या नियमातून सूट दिली आणि जून २०२२ मध्ये, ३७ वर्षांनी, ते पहिलं आलं. हा निर्णय मला मनापासून पटतो. पंधरा वर्षांच्या मुलीनं जे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, ते तिच्यासाठी नवंच.

आकड्यांच्या बाबतीत मात्र जरा सावध राहावं. अमेरिकेत २०२२ मध्ये एकूण ऐकण्यातला सुमारे ७२ टक्के वाटा 'जुन्या' गाण्यांचा होता, असं वारंवार सांगितलं जातं. आकडा खरा आहे, पण संगीताच्या धंद्यात १८ महिने उलटले की गाणं जुनं. गेल्याच्या गेल्या वर्षीचं गाणं आणि 'शुक्रतारा' त्यात एकाच पोत्यात.

यंत्रानं गाणं कानापर्यंत आणलं. ते आवडलं का, हा प्रश्न मेंदूचा. हॉलब्रुक आणि शिंडलर या संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवलं, की माणसाला सर्वांत जास्त आवडतात ती आपण साधारण २४ वर्षांचे असताना गाजलेली गाणी. तरुणपणीच्या आठवणी घट्ट बसतात, गाणी त्यांना चिकटून येतात. मग १९ वर्षांच्या मुलीला साठ वर्षांपूर्वीचं गाणं का भावावं? याचं सुंदर उत्तर कॅरोल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांच्या २०१३ च्या प्रयोगात सापडतं. त्यांनी विशीतल्या ६२ जणांना १९५५ ते २००९ मधली गाजलेली गाणी ऐकवली. स्वतःच्या काळातल्या गाण्यांशी त्यांचं नातं होतंच. पण आलेखात मागे आणखी उंचवटे निघाले: एक आईवडील तरुण होते त्या काळाचा, आणि त्याच्याही मागे साठच्या दशकाचा. हा साठच्या दशकाचा उंचवटा आजी-आजोबांमुळे असावा, असा त्यांचा एक अंदाज आहे. घरात जे वाजत राहतं ते पोरांच्या मनात झिरपतं, कुणी मुद्दाम शिकवलेलं नसलं तरी.

मी भाचीला विचारलं, "याआधी खरंच कधी ऐकलं नव्हतंस?" ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "चाल ओळखीची वाटली होती गं." माझी आई, म्हणजे तिची आजी, ओटा पुसताना हेच गुणगुणायची, आणि ही तेव्हा तिथेच फरशीवर पातेली वाजवत बसलेली असायची. यंत्राला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं एक पत्ता दुसऱ्याला जोडला, आणि तो नेमका त्या ओट्यापाशी जाऊन पोचला.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार लागते. तिनं मला अ‍ॅपचा पडदा दाखवला. गायकाचं नाव होतं. कवीचं नाही, संगीतकाराचंही नाही. साल दिसत होतं ते एका संकलनाचं, या शतकातलं. असं होण्याचं कारण साधं आहे: अ‍ॅपवर बहुधा ज्या अल्बममधून गाणं आलं त्याची तारीख दिसते. ध्वनिमुद्रणाची ओळख म्हणून जगभर आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक वापरतात. त्यात सालाचे दोन अंक असतात, पण ते क्रमांक दिल्याच्या वर्षाचे, गाणं मुद्रित झाल्याच्या वर्षाचे नव्हेत. ही पद्धत १९८० च्या दशकात आली. त्याआधीच्या प्रत्येक गाण्याला तो नंतरच मिळाला. आकाशवाणीवर आपण वर्षानुवर्षं गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावं ऐकत आलो. भावगीत म्हणजे आधी कविता. त्यातून कवीच गळाला, तर ऐकणाऱ्याला पाडगावकरांच्या दुसऱ्या कवितेपर्यंत, खळ्यांच्या दुसऱ्या चालीपर्यंत जायची वाट उरत नाही. यंत्रालाही उरत नाही, कारण नोंदीत जे नाव नाही त्या नावानं ते गाणी जोडू शकत नाही. ज्या तबकड्या अजून कुणाच्या तरी माळ्यावर पडून आहेत, त्यांचा तर या तक्त्यात रकानाच नाही.

भाचीनं त्याच संध्याकाळी नवी प्लेलिस्ट केली. खाली वर्णनाच्या जागेत टाइप केलं: गीत मंगेश पाडगावकर, संगीत श्रीनिवास खळे, गायन अरुण दाते, सुधा मल्होत्रा. आता तिथे अकरा गाणी आहेत आणि प्रत्येकाची नावं आहेत. काहींच्या सालापुढे तिनं रिकामी जागा सोडलीय. पुढच्या सुट्टीत आजीला विचारून ती भरणार आहे.